काही त्रास नसताना बदलायचा पट्टा

गॅरेजमध्ये गिऱ्हाईक एका कामावर हमखास अडतं. ऑइल बदलायला कोणी नाही म्हणत नाही, काळं पडलेलं ऑइल डोळ्यांना दिसतं. ब्रेक पॅड झिजले की चाकातून खरखर ऐकू येते. टायर गुळगुळीत झाला की शेजारीही सांगून जातो. पण मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, टायमिंग बेल्ट बदलायला झालाय,’ की लगेच प्रश्न येतो, ‘कशाला? गाडी तर मस्त चाललीय.’

हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रक्तदाबाची गोळी लिहून दिली की रोज कुणीतरी विचारतंच, ‘डॉक्टर, त्रास तर काहीच नाही, मग गोळी कशाला?’ रक्तदाब निदान मोजता येतो, आकडा दाखवता येतो. मेकॅनिकच्या हाती तेही नसतं. त्याच्याकडे असतात फक्त दोन गोष्टी: गाडी किती किलोमीटर चालली आणि पट्टा बसवून किती वर्षं झाली. तेवढ्यावर ‘बदला’ म्हणणं शास्त्रीय आहे की धंद्याचं बोलणं, असा संशय माणसाला येतो. संशय रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वरखाली होतात आणि त्याला फिरवतात. वर कॅमशाफ्ट असतो, तो हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हायला हवा, ना कमी ना जास्त. हे गणित सांभाळतो तो टायमिंग बेल्ट. त्याच्या आतल्या बाजूला दाते असतात, त्यामुळे तो घसरत नाही. इंजिनाच्या एका अंगाला प्लॅस्टिकच्या झाकणाआड तो असतो. बॉनेट उघडल्यावर बाहेर दिसणारा, सकाळी गाडी सुरू करताना कधीकधी चीं-चीं करणारा पट्टा तो हा नव्हे. तो अल्टरनेटरचा. ‘आवाज येत नाही म्हणजे बेल्ट चांगला आहे’ असं समजणारे बहुतेक जण या दुसऱ्याच पट्ट्याचा आवाज ऐकत असतात.

दात्यांचा असा पट्टा मुळात मोटारीसाठी जन्माला आलेला नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेत तो तयार झाला तो शिलाई मशिनसाठी, सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ चुकू नये म्हणून. मोटारीच्या इंजिनात तो मोठ्या प्रमाणावर आणला जर्मनीतल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीने, 1962 साली, आपल्या 1004 या गाडीत. त्याआधी हे काम साखळी किंवा दातेरी चाकं करत. पट्टा हलका, स्वस्त, बिनआवाजाचा आणि त्याला ऑइलही लागत नाही. आपल्याकडे अॅम्बॅसडर आणि पद्मिनी साखळीवर चालत. घरोघरी पट्टा पोहोचला तो डिसेंबर 1983 नंतर, मारुती 800 बरोबर.

हा पट्टा तुटला तर काय होतं? ते इंजिनाच्या रचनेवर ठरतं. काही इंजिनांत पिस्टन अगदी वर आला आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहिला तरी दोघांमध्ये जागा उरते. तिथे इंजिन नुसतं बंद पडतं, नवा पट्टा घातला की चालू. पण इंधन वाचवण्यासाठी आजच्या बहुतेक इंजिनांत, विशेषतः डिझेलमध्ये, ती जागा ठेवलेली नसते. व्हॉल्व्ह खाली येऊन जी जागा व्यापतो, तीच जागा क्षणभराने पिस्टन घेतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर येतो. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो, क्रँकशाफ्ट मात्र वेगामुळे फिरत राहतो आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनच्या माराने वाकतात. मग हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह बदलायचे, पिस्टन फुटला असेल तर आणखी खाली जायचं. काही हजारांचं काम कित्येक पटींनी महाग होतं.

पैशांचं राहू द्या. अपघात विभागात काम केलेल्या डॉक्टरला दुसरीच भीती वाटते. धावत्या गाडीचं इंजिन एकाएकी बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला मिळणारी मदत एकदोनदा पॅडल दाबेपर्यंतच उरते, नंतर पॅडल दगडासारखं लागतं. घाटात किंवा महामार्गाच्या मधल्या लेनमध्ये हे घडलं तर? आणि गाडी कशीबशी थांबल्यावरही धोका संपत नाही. बंद गाडीच्या मागे उभं राहून मोबाइलचा उजेड हलवणाऱ्या माणसाला मागून येणाऱ्या वाहनाने उडवलं, असे रुग्ण मी पाहिले आहेत. पाय वाचले ते नशीबवान. म्हणून एवढं लक्षात असू द्या: चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेक एकदाच, पण ताकदीने दाबून ठेवा, पुन्हा पुन्हा सोडू नका. धोक्याचे दिवे लावून गाडी डावीकडे काढा आणि सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या. पट्टा तुटल्याची शंका असेल तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. वाचलेले व्हॉल्व्हही त्याने वाकतात.

आता पट्ट्याच्या अंगाकडे वळू. वरून रबर दिसतं, पण ताण रबर झेलत नाही. आत लांबीच्या दिशेने काचतंतूंच्या बारीक दोऱ्या असतात, त्या झेलतात. आपल्या पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा कंडरा असाच असतो: मऊ द्रव्यात बसवलेले कोलॅजनचे चिवट तंतू. काच निवडली कारण ती जवळजवळ ताणली जात नाही, आणि पट्टा जरा जरी लांबला तरी व्हॉल्व्हची वेळ चुकते. दात्यांवर नायलॉनचं कापड असतं. जास्त ताणाच्या इंजिनांसाठी काचेऐवजी किंवा काचेबरोबर अॅरामिडचे तंतू वापरतात. केवलार हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ड्यूपाँट कंपनीच्या स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये हा तंतू शोधला. बुलेटप्रूफ जाकिटात असतो तोच.

रबराची गोष्ट तर आहारशास्त्राला लागून आहे. सुरुवातीचे पट्टे निओप्रीनचे असत. उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हे रबराच्या रेणूतल्या दुहेरी बंधांवर हल्ला करतात, रबर कडक होतं, भेगा पडतात. शेंगदाण्याचं तेल खवट होतं ते याच प्रकाराने. तेल टिकावं म्हणून त्यात हायड्रोजन घालून ते दुहेरी बंध मिटवले की वनस्पती तूप होतं. नायट्राइल रबरावर नेमकी हीच क्रिया केली की हायड्रोजनेटेड नायट्राइल रबर मिळतं. आजचे बहुतेक टायमिंग बेल्ट त्याचे असतात आणि पूर्वीच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. ज्या रसायनाने आपल्या धमन्यांचं वाटोळं केलं, ज्याच्यामुळे 2022 पासून खाद्यतेलातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली, त्याने इंजिनाचं मात्र भलं केलं!

पण या सुधारणेची एक वाईट बाजू आहे. जुन्या रबराला भेगा तरी दिसत. नवं रबर आयुष्याच्या अखेरीपर्यंत वरून तुकतुकीत राहू शकतं आणि आतल्या दोऱ्या मात्र थकलेल्या असतात. ‘झाकण काढून बघितलं, बेल्ट छान आहे’ या वाक्याला आता पूर्वीइतकी किंमत उरलेली नाही.

दोऱ्या थकतात म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. समजा गाडी सरासरी ताशी 40 किलोमीटरने एक लाख किलोमीटर चालली. म्हणजे 2,500 तास. इंजिन मिनिटाला सरासरी 2,000 फेरे मारत असेल तर क्रँकशाफ्टचे एकूण 30 कोटी फेरे झाले. क्रँकच्या छोट्या चाकाला वीस आणि पट्ट्याला शंभर दाते धरले, तर पट्ट्याचा प्रत्येक भाग त्या छोट्या चाकावरून सहा कोटी वेळा वाकून सरळ झाला. तुलनेसाठी, मिनिटाला 70 ठोक्यांनी आपलं हृदय 30 कोटी ठोके देतं सुमारे आठ वर्षांत. फरक इतकाच की हृदयाचा स्नायू रोजची झीज रोज थोडीफार भरून काढतो. पट्ट्यात तुटलेला तंतू तुटलेलाच राहतो. शरीराने ‘त्रास नाही’ म्हणण्याला काही अर्थ तरी असतो. पट्ट्याच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की तो अजून तुटलेला नाही.

सगळे पट्टे एकाच दिवशी तुटत नाहीत, ही खरी अडचण आहे. एकाच कारखान्यातले, एकाच दिवशी बनलेले शंभर पट्टे घेतले तर काही लवकर जातील, बरेचसे मधे, आणि एखादा मुदतीच्या दुप्पट चालेल. तो दुप्पट चाललेला पट्टा कट्ट्यावर गाजतो. ‘आमच्या भावजींनी कधीच बदलला नाही’ हे त्याच भावजींचं वाक्य, ज्यांचे आजोबा विडी ओढून नव्वदीला पोचले होते. कंपनी मुदत ठरवते ती सरासरीवरून नव्हे, तर लवकर जाणाऱ्या थोड्यांचा विचार करून. स्वीडनचे अभियंते वालोडी वाइबुल यांनी 1951 मध्ये अशा विखुरलेल्या आयुष्यांचं गणित मांडलं. रुग्णांच्या जगण्याच्या अभ्यासातही ते गणित वापरलं जातं.

या गणितात एक अट दडलेली आहे. वय वाढेल तसा बिघाडाचा धोका वाढत असेल, तरच मुदतीआधी बदलण्यात शहाणपण. पंक्चर खिळ्यामुळे होतं, म्हणून दर सहा महिन्यांनी नवा टायर घालून पंक्चर टळत नाहीत. पट्टा मात्र वयाने थकतो.

तरीही, थकणारी प्रत्येक वस्तू आधीच बदलावी असं नाही, आणि हे आम्हा डॉक्टरांना मोठ्या किमतीला शिकावं लागलं. वॉर्डात हाताला सलाइनची सुई लावली की पट्टीवर तारीख लिहितात. ती दर तीन-चार दिवसांनी बदलायची, असा नियम वर्षानुवर्षं होता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये सुमारे 3,300 रुग्णांवर झालेला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, गरज दिसेल तेव्हाच बदलली तरी शिरेच्या दाहाचं प्रमाण वाढत नाही. कारण सोपं आहे: सुईची जागा डोळ्यांसमोर असते. लाली, सूज, दुखणं रोज बघता येतं. रुग्णाला उगाच टोचायचं कशाला?

दुसरं उदाहरण हृदयाच्या कृत्रिम झडपेचं. 1979 ते 1986 या काळात ब्यॉर्क-शायली जातीच्या एका विशिष्ट झडपेचे सुमारे 86 हजार नग जगभर रुग्णांना बसवले गेले. झडपेतली चकती धातूच्या एका बारीक कमानीने धरलेली असे. काही झडपांत कोट्यवधी ठोक्यांनंतर ती कमान थकून तुटली, चकती निसटली आणि धडधाकट दिसणारा माणूस तासाभरात अत्यवस्थ झाला. अशा सहाशेहून अधिक घटनांची नोंद आहे, त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा मृत्यू झाला. आधी कसलंही लक्षण नाही, अगदी टायमिंग बेल्टसारखं. मग उरलेल्या सगळ्यांच्या झडपा काढून नव्या बसवायच्या का? तसं केलं नाही. पुन्हा हृदय उघडण्याच्या शस्त्रक्रियेतही माणसं दगावतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो धोका झडप तुटण्याच्या धोक्यापेक्षा मोठा होता. तरुण वय, मोठ्या आकाराची झडप अशा जास्त जोखमीच्या मोजक्या रुग्णांनाच बदलण्याचा सल्ला दिला गेला. बाकीच्यांना त्या भीतीसकट जगावं लागलं.

टायमिंग बेल्टची स्थिती या दोन्हींहून वेगळी आहे. सुईसारखा तो दिसत नाही. झडपेसारखा तो बदलायला जिवावरचा नाही, एक दिवस गाडी गॅरेजला आणि काही हजार रुपये, एवढंच. म्हणून इथे घासाघीस न करता कंपनीची मुदत पाळावी असं माझं मत आहे. उलट दर दहा हजार किलोमीटरला सतरा फवारे आणि ‘इंजिन डिकार्बनायझिंग’ खपवणारी बिलं येतात, त्यांच्यावर मात्र खुशाल भांडा.

मुदत किती, हे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतच बघायला हवं. इंजिनागणिक आकडा बदलतो. साधारण साठ हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत आणि चार-पाच वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत मुदती आढळतात. ‘किंवा, जे आधी होईल ते’ हे शब्द लोक वाचतच नाहीत. निवृत्त मंडळींच्या गाड्या बघा. दहा वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर, मुलगी माहेरी आली की स्टेशनपर्यंत आणि वर्षातून एकदा कुलदेवतेला. मीटर कमी दिसतो, पण रबराचं वय कॅलेंडरने वाढतं, गाडी उभी असली तरी.

दुसऱ्या टोकाला पुण्या-मुंबईची ट्रॅफिक. सिग्नलला इंजिन मिनिटाला आठशे फेरे मारत उभं असतं. तासाला 48 हजार फेरे, किलोमीटर शून्य. ट्रॅक्टर आणि जनरेटरला तासांचा मीटर असतो तो याचसाठी. मोटारीला नसतो. मग उष्णता. होंडाच्या काही व्ही-6 गाड्यांच्या अमेरिकेतल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की गाडी नेहमी 43 अंश सेल्सिअसच्या वर चालवत असाल तर बेल्ट एरवीपेक्षा लवकर, 60 हजार मैलांनाच बदला. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या वाचकांनी मे महिना आठवावा. पुस्तिकेत ‘खडतर वापर’ असं वेगळं कोष्टक असतं. आपल्यातले बहुतेक जण त्याच कोष्टकात बसतात.

मग मजबूत, अॅरामिडचा पट्टा घातला तर मुदत वाढते का? हा प्रश्न गाडीप्रेमी तरुण विचारतात. वाढते असं धरून चालू नका. दोरी कितीही चिवट झाली तरी पट्ट्याला ताण देणारा टेन्शनर, त्याचं बेअरिंग, दात्यांचं रबर आणि शेजारच्या सीलमधून गळणारं ऑइल तेच राहतं. कितीतरी इंजिनांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर फिरतो. पंपाचं बेअरिंग अडकलं तर केवलारही वाचवत नाही. म्हणून पट्ट्याबरोबर टेन्शनर, आयडलर आणि शक्यतो वॉटर पंप असा सगळा संच बदलतात. मजुरी एकदाच पडते. आणि एक बारीक गोष्ट: काचतंतूंचा नवा पट्टा घडी घालून, पिळून किंवा उलटा वाकवून ठेवला तर बसवण्याआधीच आतले तंतू तुटतात. तो खोक्यातून तुमच्यासमोर निघाला तर उत्तम.

कंपन्यांचे अंदाजही चुकतात. युरोपात प्यूजो आणि सिट्रोएनच्या 1.2 लिटर प्यूरटेक इंजिनात पट्टा कोरडा न ठेवता ऑइलमध्येच फिरवला. सुरुवातीची मुदत दहा वर्षांपर्यंतची होती. पण छोट्या फेऱ्यांत न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळे, त्याने पट्टा फुगे, त्याचे कण सुटून ऑइलची जाळी तुंबे. मुदत सहा वर्षांवर आणावी लागली, 2024 मध्ये कंपनीने दहा वर्षांची वाढीव हमी दिली, आणि इंजिनाच्या नव्या पिढीत साखळी परत आली. मेकॅनिक आता ऑइल भरायच्या तोंडातून माप घालून पट्टा फुगलाय का ते बघतात. आपल्याकडे इकोस्पोर्टच्या 1.0 लिटर इकोबूस्ट इंजिनातही असाच ओला पट्टा आहे. फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, गाड्या मात्र रस्त्यावर आहेत. त्या मालकांनी ऑइलचा दर्जा आणि वेळ याबाबत कंजुषी करू नये.

मारुतीच्या के-सीरिज इंजिनांत साखळी आहे, त्यांच्या मालकांना ही चिंता नाही. साखळीही घाण ऑइलने झिजते, पण ती सहसा आधी खडखडते. जुनी सँट्रो, डस्टर डिझेल, हॅरियर, कंपास डिझेल, फोक्सवॅगन-स्कोडाच्या 1.0 टीएसआय गाड्या पट्ट्यावर चालतात. जुनी गाडी विकत घेताना ‘बेल्ट बदललेला आहे’ असं तोंडी सांगतात. बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरा आणि किंमत ठरवतानाच तो खर्च वजा करा. नवा पट्टा बसवला की चांगला मेकॅनिक तारीख आणि किलोमीटर लिहून एक स्टिकर बॉनेटखाली लावतो. त्याने लावला नाही तर मागून घ्या, तारीख पक्क्या शाईने लिहायला सांगा. इंजिनाच्या उष्णतेने बॉलपेनचं लिहिलेलं दोन उन्हाळ्यांत उडून जातं.